नांगर टाकला म्हणजे बोट थांबली असं नाही

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळायचे, किल स्विचची (माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी पायाला अडकवायची, निघताना किनाऱ्यावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवायची, इंधनाचे तीन भाग धरायचे: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर पुढचं वाचू नका, आधी ते शिका.

मला बोलायचंय ते नांगराबद्दल. शिडं, सुकाणू, बोट धक्क्याला लावणं यांत शिकवणीचे दिवस जातात आणि नांगर शेवटच्या दुपारी उरकला जातो. 'नुसती साखळी असेल तर खोलीच्या ५ पट सोडा, साखळीला दोर जोडलेला असेल तर ७ पट.' वहीत ओळ उतरवली, झालं. ओळ अगदी बरोबर आहे. गाडं अडतं ते खोली मोजताना, आणि माझं चांगलंच अडलं होतं, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो.

समजा ओहोटीला तुम्ही एका खाडीत शिरलात. इको साउंडर, म्हणजे पाण्याची खोली सांगणारं यंत्र, ३ मीटर दाखवतो. ५ पट म्हणजे १५ मीटर साखळी. सोडली, बोट थांबली, चहा झाला. आता नीट मोजू. साउंडरचा सेन्सर बोटीच्या तळाला, पाण्याच्या पृष्ठभागापासून अर्धा मीटर खाली आहे. म्हणजे पाणी मुळात साडेतीन मीटर. साखळी जिथून खाली उतरते तो पुढचा रोलर पाण्याच्या १ मीटर वर. झाले साडेचार. आणि भरतीला पाणी अजून अडीच मीटर चढणार आहे. एकूण ७ मीटर. ७ पंचे ३५. पाण्यात आहेत १५. तुमची '५ पट' मध्यरात्री जेमतेम दुप्पट उरते, तेही तुम्ही गाढ झोपलेले असताना.

यात एवढं काय बिघडतं? नांगर वजनानं बोट धरत नाही, तळात रुतून धरतो. त्यासाठी ओढ शक्य तितकी आडवी हवी. साखळी ५ पट असेल तर ती पूर्ण ताणली गेली तरी तळाशी साधारण साडेअकरा अंशांचा कोन करते. वरच्या उदाहरणात तोच कोन जवळजवळ २८ अंश होतो. या कोनात बोट नांगराला ओढत नाही, उपटते. 'साखळी जड आहे, तळावर पडून राहील' हे वारा मंद असेपर्यंत ठीक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. १० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) झोळासारखी लोंबणारी साखळी २० नॉटला बरीचशी सरळ झालेली दिसेल.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. ऐन भरतीला ५ मीटर पाण्यात नांगर टाकला आणि ओहोटीला साडेतीन मीटर उतरलं, तर दीड मीटर उरलं. तुमची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, पाण्यात पावणेदोन मीटर खोल असेल तर बोट टेकली. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, हा फरक सर्वात मोठा असतो. म्हणून साउंडरवर नजर टाकण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक. आधी कोष्टक, मग आकडा. साउंडर पृष्ठभागापासून मोजतो की कीलखालचं पाणी दाखवतो, हे प्रत्येक बोटीवर वेगळं लावलेलं असतं. दोरीला वजन बांधून एकदा स्वतः मोजून बघा.

हे गणित मला उभ्या बोटीत, वारा कानात घोंघावत असताना, कधीच जमलं नाही. अजूनही जमत नाही. मी ते खाडीत शिरण्याआधी कागदावर करून ठेवतो आणि कागद सुकाणूजवळ चिकटवतो. साखळीवर दर ५ मीटरला रंगाची खूण आहे. यात कमीपणा काही नाही.

कमीपणा कशात आहे सांगू? 'अंदाज येतो हळूहळू' म्हणणाऱ्या उस्तादाच्या मागे मान डोलवत फिरण्यात. तुमच्या हातातला दोर काढून घेऊन स्वतः झटपट काम करून दाखवणाऱ्याकडून काही शिकता येत नाही. जो गप्प उभा राहतो आणि फक्त 'पहाटे पाणी किती असेल?' एवढंच विचारतो, त्याला धरून ठेवा. मोबाइलमधल्या नांगराच्या अलार्मबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. लावा, जरूर लावा. पण तो बोट सरकल्यावर वाजतो, सरकू नये म्हणून नाही.

नांगर टाकताना बोट वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण थांबू द्या. नांगर फेकायचा नाही, उतरवायचा. तो तळाला लागला की बोट हळूहळू मागे जाऊ द्या आणि तसतशी साखळी सोडा, नाहीतर तिचा ढीग नांगरावरच पडतो आणि त्यात गुंता होतो. सगळी सोडून झाल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अगदी कमी, मग जोर वाढवत. या वेळी साखळीवर तळवा टेकवा. नांगर रुतला असेल तर ती ताठ आणि शांत लागते. घसरत असेल तर खडखडाट थेट मनगटापर्यंत येतो, खडबडीत रस्त्यावरून हातगाडी ओढल्यासारखा. एकदा जाणवला की पुन्हा विसरत नाही. सोबत बाजूला बघून किनाऱ्यावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरा, पुढे झाड आणि मागे खांब असं काहीही. रेषा मोडत राहिली तर तुम्ही सरकताय. उचला आणि पुन्हा टाका. शेजारच्या बोटीवरचे लोक बघत असतील तर बघू द्या, त्यांनीही हे केलेलं असतं.

वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरणार, तेवढी जागा मोकळी हवी. जागा कमी वाटली तर साखळी कमी करू नका, जागा बदला. आधी आलेल्याचा हक्क आधी. नांगरावर आहात हे इतरांना कळावं म्हणून दिवसा पुढे काळा गोळा, रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा.

आणि रात्री घसरलीच तर? घाबरू नका, बहुतेक वेळा हातात वेळ असतो. आधी इंजिन सुरू करा, मगच डेकवर पुढे जा, तेही जॅकेट घालून. मागे जागा असेल तर अजून साखळी सोडा. नसेल तर नांगर उचलून मोकळ्या पाण्यात जा. इंजिन लागत नाही आणि मागे खडक आहेत, तर दुसरा नांगर टाका आणि रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, बोला. जिवाला धोका अजून नसेल तर 'पॅन-पॅन', असेल तर सरळ 'मेडे'. ठिकाण, काय झालं, किती माणसं. लवकर मागितलेली मदत कुणी नावं ठेवण्यासारखी नसते. रेडिओवरचं लाल बटण दाबून धरलं तर ठिकाण आपोआप जातं, पण रेडिओला एमएमएसआय क्रमांक (बोटीची रेडिओवरची ओळख) भरलेला आणि जीपीएस जोडलेला असेल तरच. बोट धक्क्याला असतानाच रेडिओ चालू करून स्क्रीनवर अक्षांश-रेखांश उमटतात का, ते बघून घ्या.