वडिलांच्या सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावताना

आमच्याकडे वडील गेले की दशक्रियेनंतर लगेच वारस नोंदीची धावपळ सुरू होते, आणि कागदावर फक्त भाऊ येतात. मी गावातल्या लेकींना आधी एकच सांगते: अर्जात सगळे वारस हवेत. आई, भाऊ, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तर केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. वडील 2005 आधी वारले असले तरी हक्क बुडत नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 आधी झालेलं रीतसर वाटप कायम राहतं.

आता कामाचं. मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात. नाव गळलं असेल तर याच मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी बोलणं पुढे उपयोगी पडत नाही.

ताई, एक कागद मात्र नीट वाचा: हक्कसोडपत्र. "नुसती सही कर, माहेर तुझंच आहे" असं म्हणत ते पुढे येतं. त्याची नोंदणी झाली की हिस्सा गेला. घाई करू नका. प्रत मागा, घरी न्या, वकिलाला दाखवा. नोंद चुकीची मंजूर झालीच, तर 60 दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करा.