आयजीआय आज खेळायचाय? आधी त्याच्या खोडी शिकून घ्या

“मामा, गेम सेव्ह कुठनं करायचा?”

दिवाळीच्या सुट्टीत कराडला आलेल्या भाच्यानं हे विचारलं तेव्हा तो आयजीआय या जुन्या, बंदूक घेऊन एकट्यानं शत्रूच्या तळात घुसायच्या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्याच मिशनमध्ये चौथ्यांदा मेला होता. वय तेरा, मोबाइलवर शंभर जणांत शेवटपर्यंत टिकणारा गडी. इथं मात्र टॉवरवरच्या एका माणसानं त्याला कुंपणाच्या आत पायसुद्धा ठेवू दिला नव्हता. मी म्हटलं, “सेव्ह नाहीये.” चेन नसलेली सायकल हातात दिल्यावर पोरगं जसं बघेल, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं गिऱ्हाईक येतं, दुसरंच काहीतरी काम सांगतं आणि जाता जाता हळूच विचारतं, “यात आयजीआय चालेल का हो?” विचारणारा बहुतेक चाळिशीकडं झुकलेला असतो. चालतो की. पण नुसता चालू करून दिला तर आठवड्यात फोन येतो: “पूर्वी एवढा अवघड नव्हता.” होता. तेव्हा आपल्याकडं वेळ होता, एवढाच फरक. परत परत तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी थोडं कूळ-मूळ, कारण गेमचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच आलेत. ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ २००० सालच्या डिसेंबरात आला. करणारे नॉर्वेतल्या ओस्लोचे इनरलूप स्टुडिओज, बाजारात आणणारी कंपनी आयडॉस. याच इनरलूपनं १९९७ मध्ये ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ नावाचा लढाऊ विमानांचा गेम काढला होता आणि आयजीआय त्याच इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, उभा केला. आता विमानाच्या गेमला काय लागतं? मैलोन्‌मैल जमीन, डोंगर, लांबवर दिसणारं क्षितिज. खोल्या, दारं, माणसं हे त्याचं काम नव्हे. आयजीआयमध्ये तुम्ही डोंगरावर उभे राहता, खाली अख्खा लष्करी तळ ताटात वाढल्यासारखा दिसतो आणि कुठल्या बाजूनं आत घुसायचं हे तुमचं तुम्ही ठरवता. त्या काळातले बाकीचे शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम, तुम्हाला बोळातून बोळात नेत असताना हे मोकळं रान म्हणजे चैन होती. पण एकदा इमारतीत शिरलात की प्रत्येक बराकीत तीच खोली, तेच कपाट, तोच जिना. सरकारी क्वार्टर्स परवडले.

मशीनचं काम पटकन उरकतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करा, त्यात टाका. जुने गेम आपली प्रगती स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि नवं विंडोज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये तसं सहजासहजी लिहू देत नाही. मग तीन मिशन पार केल्यावर दुसऱ्या दिवशी गेम पहिल्यावरच उभा दिसतो आणि माणूस मला फोन करतो. गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं विंडोज एक्सपी निवडा आणि खालची ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची टिक मारा. तरीही स्क्रीन काळी पडली किंवा चित्रं फडफडली तर ‘डीजीवूडू’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते जुन्या ग्राफिक्सची भाषा नव्या कार्डाला समजावून सांगतं. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ठेवा आणि ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘आस्पेक्ट रेशो कायम’ करा, नाहीतर रुंद स्क्रीनवर सगळे गार्ड पोटं सुटल्यासारखे दिसतात. झालं मशीनचं.

आता खोडींकडं. बैल मारका आहे हे माहीत असलं की माणूस त्याच्या पुढून जात नाही, बाजूनं जातो. आयजीआयचंही तसंच.

सगळ्यात मोठी खोड सेव्हची. मिशनच्या मध्ये कुठंही सेव्ह नाही. एकूण १४ मिशनं, प्रत्येक मिशन सुरू केलं की शेवटपर्यंत जायचं किंवा पहिल्यापासून यायचं. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या शूटरमध्ये हवं तिथं सेव्ह करता येत होतं, म्हणजे तंत्र नव्हतं अशातला भाग नाही. अर्धा तास जीव मुठीत धरून खेळायचं आणि शेवटच्या दारामागं उभ्या असलेल्या एकाच माणसानं सगळं मातीत घालायचं, हा सरळ अन्याय आहे. माझं मत विचाराल तर याच अन्यायामुळं गेम अंगावर येतो. दार उघडताना हात खरोखर आखडतो.

यावर उपाय एकच: पहिली खेळी मरण्यासाठीच खेळा. जिंकायचंच नाही असं ठरवून आत शिरा. टॉवर किती, कॅमेरे कुठं, बराकीची दारं कुठल्या बाजूला उघडतात, कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे हे बघा आणि मरा. दहावीत असताना मी आणि माझा एक मित्र सायबर कॅफेत वीस रुपये तासानं बसायचो, दहा-दहा रुपये काढून. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या मांडीवर भूमितीची वही. वहीच्या मागच्या पानांवर नकाशे. गोल म्हणजे टॉवर, फुली म्हणजे ‘इथं मेलो’. काही पानांवर फुल्याच जास्त होत्या. दुसऱ्या दिवशी वही बघून अर्धं मिशन दहा मिनिटांत उरकायचं, आणि नवीन काय असेल ते उरलेल्या वेळात. आजही हाच मार्ग सांगतो. यूट्यूबवर बघून खेळलात तर गेम संपेल, पण मग खेळलात कशाला?

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशाचा कॉम्प्युटर. गेमची सगळ्यात हुशार वस्तू हीच. नायक डेव्हिड जोन्स, पूर्वीचा एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाचा जवान, याच्याकडं उपग्रहाचं थेट चित्र दाखवणारं यंत्र आहे. झूम करा, तळ वरून बघा, चालणारी माणसं दिसतात. नवखा माणूस हे विसरतो किंवा मैदानाच्या मधोमध उभा राहून उघडतो. तसं करू नका. आधी भिंतीला पाठ लावा, मग नकाशा. आणि तो वारंवार बघा. मी पाच-दहा पावलांना एकदा बघतो, म्हातारा माणूस रस्ता ओलांडताना बघतो तसा.

तिसरी खोड पहारेकऱ्यांची, आणि इथं मात्र करणाऱ्यांना माफी नाही. या लोकांची नजर एकसारखी नाही. एखादा गार्ड शेजारी गोळी चालली तरी तंद्रीत उभा राहतो, आणि टॉवरवरचा स्नायपर झुडपामागनं तुमचा कान दिसला तरी बरोबर टिपतो. त्यातनं अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहतात. तुम्ही स्वतः आत जाऊन बघितलेली, रिकामी खोली. बाहेर आलात, अलार्म झाला, आणि त्याच खोलीतून चौघं बाहेर! सायबरमध्ये आम्ही म्हणायचो, आत विहीर आहे.

ही विहीर उघडूच द्यायची नाही, हे धोरण ठेवा. बऱ्याच मिशनांत एखाद्या खोलीत कॉम्प्युटर असतो, त्यावरून कॅमेरे बंद करता येतात. पण हॅक व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तुम्ही पाठमोरे उभे असता, तेव्हा आधी खोलीच्या आसपासचे दोघं-तिघं संपवून घ्या. सायलेन्सरवाली एमपी-५ बंदूक मिळाली की जवळच्या कामाला तीच. एके-४७ हातात घेऊन मिरवायला छान वाटतं, पण तिचा आवाज अख्ख्या तळाला आमंत्रण देतो. आणि अलार्म झालाच तर पळू नका, दारासमोरही उभे राहू नका. दाराच्या बाजूला, भिंतीला चिकटून थांबा. हे लोक रेशनच्या रांगेसारखे एकामागं एक येतात.

भिंतीवरनं आठवलं. पातळ दारातनं, फळ्यांतनं गोळी आरपार जाते. त्या काळात हे अप्रूप होतं. दारापलीकडं कोण उभा आहे हे नकाशावर दिसलं तर दार न उघडता मारता येतं. पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून आडोसा घ्यायचा तो पक्क्या भिंतीचा. भाच्याला हे पटायला दोन जीव लागले.

शिड्यांबद्दल एक सूचना. शिडी चढताना कॅमेरा तुमच्या डोळ्यातून निघून पाठीमागं जातो, जोन्स बाहेरून दिसायला लागतो आणि हातात बंदूक नसते. दिसायला झकास, पण त्या चार-पाच सेकंदांत तुम्ही वाळत घातलेल्या चादरीसारखे. खालचं सगळं साफ केल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही.

आता त्या टॉवरचं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातच आलं. पाचव्या वेळी मी भाच्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. म्हटलं, माउस तुझाच, मी फक्त बोलणार. तो सवयीनं उताराला लागला. “थांब. दुर्बीण काढ.” काढली. टॉवरवरचा माणूस दिसला. “आता काय करतोय तो?” “काय नाय, उभाय.” “बघत राहा.” पोराला दहा सेकंद काहीच न करता बसणं म्हणजे शिक्षा. तेवढ्यात टॉवरवाला वळला. भाचा लगेच उठला, धावला, आणि पावलांच्या आवाजानं खालच्या गार्डनं मान फिरवली. मेला. सहाव्या वेळी तो वाकून, हळू गेला. टॉवरवाला वळला की चालायचं, इकडं तोंड केलं की थांबायचं. मध्ये खडक होता, तिथं नकाशा उघडला, खालचा गार्ड कुठं आहे ते बघितलं. एक गोळी गार्डला, मग वर बघून टॉवरवाल्याला. तीन गोळ्या लागल्या त्याला, दोन वाया. मग पोरगं माझ्याकडं न बघताच म्हणालं, “वही आहे का?”

जीव वाचवण्याबद्दल: तब्येत आपोआप भरून येत नाही. आडोशाला बसून श्वास घेतला की बरं वाटतं, ही नंतरच्या गेमांची सवय. इथं औषधाचं इंजेक्शन असतं, तेही मोजकं. निम्म्याच्या वर असताना टोचू नका.

गोष्ट पाहिजे असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. चोरलेला अणुबॉम्ब, शस्त्रांचा व्यापारी प्रिबॉई, एक्क नावाची खलनायिका, रेडिओवरून सूचना देणारी अ‍ॅन्या. पूर्व युरोपातले गंजके तळ आणि राखाडी आभाळ मात्र कथेपेक्षा जास्त बोलतात. सायरन नसताना नुसता वारा ऐकू येतो, ते कानाला हेडफोन लावून ऐका.

चौघं मिळून खेळायचं असेल तर हा गेम तुमचा नाही. मल्टिप्लेअर मुळातच नाही. आमच्या सायबरमध्ये ज्यांची टोळी होती ते काउंटर-स्ट्राइकला बसायचे. कोपऱ्यातल्या मशीनवर वही घेऊन बसणारे ते आम्ही. २००३ मध्ये कोडमास्टर्सनं आणलेल्या ‘आयजीआय २’मध्ये मल्टिप्लेअरही आलं आणि मिशनमध्ये मोजके सेव्हही. खेळ म्हणून तो जास्त नीट आहे हे मान्य. सेव्हशिवाय जमतच नसेल तर सरळ तिथून सुरुवात करा, कुणी हसणार नाही. मी दोन्ही खेळलोय आणि मिशनं मला पहिल्याचीच आठवतात. दुसऱ्यात मेलो तर फार काही जात नव्हतं.

एक शेवटचं, हे मात्र कुठल्या गेमच्या पुस्तिकेत मिळणार नाही. बारावीच्या सुट्टीत घरी जुना कॉम्प्युटर आला होता. शेवटचं, चौदावं मिशन. दुपारी दोनला बसलो, चाळीस मिनिटं एकही चूक नाही, वहीतली सगळी पानं पाठ. आणि लाइट गेली. आमच्याकडं तेव्हा रोजचंच होतं, वेळापत्रकही ठरलेलं होतं, पण मी त्या दिवशी घड्याळ बघितलंच नव्हतं. काळ्या स्क्रीनसमोर किती वेळ बसलो कोण जाणे. आईनं येऊन विचारलं, काय झालं रे?

भाचा चौथ्या मिशनला पोचलाय. तो झोपल्यावर रात्री दुकानात जाऊन मी यूपीएसची बॅटरी बदलून आणली.