गिझरचा थर्मोस्टॅट घरच्या घरी कसा बदलावा

थंडी पडली की गिझरच्या दोन तक्रारी हमखास येतात. एक तर पाणी तापतच नाही, नाहीतर नळातून वाफ येईस्तोवर उकळतं. दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज बंद करणारा भाग असतो. तो स्वतः बदलता येतो, मात्र गिझर साधा, टाकीचा आणि सळईच्या थर्मोस्टॅटचा हवा. गॅसचा, डिजिटल डिस्प्लेचा किंवा वॉरंटीतला गिझर उघडू नका.

टेस्टर घ्या आणि आधी चालू सॉकेटमध्ये तो पेटतो ना, हे बघा. मग मेन स्विच पाडा, गिझरचा प्लग काढा, घरातल्यांना सांगून ठेवा. गिझरचा नुसता स्विच बंद करून भागत नाही. काही घरांत तो स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो, म्हणजे बटण बंद असूनही आत फेज येतच राहतो. झाकण काढल्यावर प्रत्येक टर्मिनलला पुन्हा टेस्टर लावा.

पाणी निवू द्या. टाकी रिकामी करायची गरज नाही, कारण थर्मोस्टॅटची सळई पाण्यात नसते. ती बंद तोंडाच्या कोरड्या नळीत बसलेली असते. झाकण एकदम ओढू नका, दिव्याच्या वायरी त्याला जोडलेल्या असतात. वायरींचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा.

आता लगेच थर्मोस्टॅट काढू नका. कटआउटचं (पाणी फाजील तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच) छोटं रीसेट बटण असेल तर ते दाबा. ‘टक्’ असा आवाज आला तर कटआउटने वीज तोडली होती. एकदा चालवून बघायला हरकत नाही, पण पुन्हा तोडली तर थर्मोस्टॅट वेळेवर बंद होत नसण्याची शक्यता मोठी. बटणाने काम झालं नाही, तर थर्मोस्टॅटच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. पाणी थंड असताना जवळपास शून्य ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर तो गेला. हीटिंग एलिमेंटही तपासा: २००० वॉटच्या एलिमेंटला सुमारे २६ ओहम येतात. एलिमेंट आणि टाकीची बॉडी यांच्यामध्ये आकडा दिसला तर एलिमेंट लीक आहे, म्हणजे त्यातली वीज बॉडीत उतरते. मग थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही.

दुकानात जुना नग सोबत न्या. सळईची लांबी तीच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त (२००० वॉटला जवळपास ९ अँपिअर लागतात, म्हणून १६चा घ्यावा), आणि आयएसआय मार्क.

‘थर्मोस्टॅट कशाला, डायरेक्ट करून देतो,’ म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वायरी थेट जोडतो, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. डायरेक्ट केलेला गिझर स्वतःहून बंद होत नाही. मग सगळी भिस्त कटआउट आणि टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह क्षाराने जाम झालेला असेल आणि कटआउटही बायपास केलेला असेल, तर पाणी उकळून दाब वाढत जातो आणि टाकी फुटू शकते. आंघोळीच्या वेळी माणूस तिच्या अगदी खाली उभा असतो. काही रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

नवी सळई नळीत पूर्ण आत सरकवा. वायरी फोटो बघून एकेक करून जोडा, स्क्रू घट्ट आवळा. सैल टर्मिनल तापून काळं पडतं. तसा काळा पडलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) कापून नवा लावा. अर्थिंगची वायर सुटली असेल तर आधी ती जागेवर. तापमान ६० अंशांवर ठेवा, झाकण लावा.

वीज देण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून धार सलग येते ना ते बघा. रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतो. मग घड्याळ लावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६०वर जायला २००० वॉटला १८ ते २० मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास. तेवढ्यात तापण्याचा दिवा विझायला हवा. बराच वेळ होऊनही विझला नाही तर मेन पाडा आणि वायरमनला बोलवा.