प्रबंधातले आकृती-क्रमांक हाताने टाइप करू नका
मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात एक आकृती वाढवायला सांगितली, की पुढचे सगळे क्रमांक आणि मजकुरातले ‘आकृती 12 पाहा’सारखे उल्लेख एकेक करून बदलत बसावं लागतं. वर्डमध्ये यातून सुटका आहे.

1. आकृतीवर राइट-क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ घ्या. ‘न्यू लेबल’मध्ये एकदाच ‘आकृती’ भरा. तक्त्यांना वेगळं लेबल.
2. उल्लेख करायचा तिथे ‘रेफरन्सेस’ टॅबमधून ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडा, हवी ती आकृती निवडा आणि ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ ठेवा. ‘एन्टायर कॅप्शन’ तसंच राहिलं तर वाक्याच्या मधोमध अख्खं शीर्षक येऊन बसतं (हा घोळ हमखास होतो).
3. फेरबदल झाले की कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, मग एफ9 दाबा. सगळे क्रमांक आणि उल्लेख आपोआप बदलतात.

मधली एखादी आकृती काढून टाकली असेल, तर एफ9 दाबल्यावर तिच्या उल्लेखाच्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ उमटतं. म्हणून पीडीएफ करण्याआधी फाइंडमध्ये इंग्रजीत ‘एरर!’ शोधा. तळटीपा कंट्रोल-एमध्ये येत नाहीत. तिथे कर्सर ठेवून तीच दोन बटणं पुन्हा दाबा.