सोलापुरात मासे खायला जाताना: हॉटेल चांगलं, बिल बेताचं

रत्नागिरीचं बंदर सोलापूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून निघालेली सुरमई आपल्या ताटात पडेपर्यंत निदान एक रात्र तरी बर्फात काढते. सात रस्त्याच्या किंवा होटगी रोडच्या बाजूला एखाद्या चांगल्या, एसी हॉटेलात आपण खानावळीपेक्षा जास्त पैसे मोजतो, ते माझ्या मते या बर्फाचे असायला हवेत. मासा नीट थंड ठेवणारं, विचारलं तर दाखवणारं हॉटेल ते चांगलं. हे एकदा ठरलं की चौघांचं जेवण दोन-अडीच हजारांत कसं बसवायचं, हेही आपोआप सुचत जातं.

सुरुवात वारापासून करा. आपल्याकडे खाण्याचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. या दिवशी गिऱ्हाईक असतं, म्हणून हॉटेलवाला त्या बेताने माल मागवतो आणि तो उठतोही. सोमवारी सिद्धेश्वराचा वार म्हणून अर्ध्या गावाचं बंद असतं. एकादशीला आणि श्रावणातही तेच. त्या दिवशी हॉटेल उघडं असलं तरी फ्रीजमधला मासा कधीचा आहे, हा प्रश्न उरतोच. मी शक्यतो शुक्रवारी किंवा रविवारी दुपारी जातो. दुपारी थाळी मिळते आणि किचनमधला माल संध्याकाळपेक्षा भरलेला असतो.

जून-जुलैचं गणित वेगळं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा हा विणीचा काळ, त्यामुळे बंदी योग्यच आहे. पूर्व किनाऱ्याची बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यानंतर आंध्रच्या बोटी समुद्रात असतात आणि आपल्या अजून बंद असतात. त्या दिवसांत कुणी "एकदम ताजं पापलेट" म्हणालं, तर कुठून आलं एवढं विचारा. ठामपणे सांगणारा माणूस सहसा खरं सांगतो. गोठवलेलं आहे असं सरळ सांगितलं तर त्यात वाईट वाटून घेऊ नका. उणे १८ अंशांवर नीट गोठवलेली कोळंबी ही चार दिवस अर्धवट बर्फात पडलेल्या माशापेक्षा कितीतरी बरी.

निघण्याआधी फोन करा, आणि टेबलाइतकीच माशाचीही चौकशी करा. "आज काय आलंय? आख्खा मासा आहे का तुकडी?" एवढे दोन प्रश्न पुरतात. उत्तरात सगळ्याच माशांची नावं आली, पापलेट, सुरमई, रावस, हलवा, खेकडा, तिसऱ्या, तर मला शंका येते. "आज सुरमई आणि कोळंबी चांगली आहे, पापलेट लहान आहे," असं सांगणाऱ्या हॉटेलात मी डोळे मिटून जातो.

आता मेनूकार्ड. इथेच बिल बिघडतं. बऱ्याच ठिकाणी पापलेट, खेकडा, लॉबस्टर यांच्यापुढे आकडा नसतो, "साइजप्रमाणे" असं लिहिलेलं असतं. आईच्या साठीला आम्ही शहरातल्याच एका हॉटेलात गेलो होतो. आईने आयुष्यभर उजनीचा कटला खाल्लेला, तिला एकदा आख्खं तंदुरी पापलेट खायचं होतं. मी भाव न विचारता दोन सांगितली. बिल आलं तेव्हा ती दोनच पापलेटं बाकी सगळ्या जेवणाएवढ्या किमतीची होती. आईने आकडा वाचला आणि घरी येईपर्यंत बोलली नाही. तिचा तो दिवस असा संपला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हे पक्कं करा: ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनला कच्चा मासा ट्रेमध्ये आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, भाव नगाचा की शंभर ग्रॅमचा ते विचारा, आणि गुणाकार तिथेच करा. समजा भाव शंभर ग्रॅमला २२० रुपये आणि मासा ४०० ग्रॅमचा, तर ८८० रुपये झाले. हे वजन साफ करण्याआधीचं असतं, ताटात त्याहून कमी येतं. विचारायला लाजू नका. भाजी घेताना आपण वजनकाट्याकडे बघतोच ना?

ट्रे समोर आला की नुसती मान डोलवू नका. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, आत गेलेले, दुधी झालेले नकोत. कल्ला उचलायला सांगा. आत लाल किंवा गर्द गुलाबी असला तर बरं, तपकिरी असला तर राहू द्या. बोटाने दाबल्यावर खड्डा लगेच भरला पाहिजे. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा नाकात जाणारा नको. कोळंबीची डोकी काळी पडून लोंबत असतील तर नको म्हणा.

बांगडा स्वस्त आणि चवीचा, पण आपल्या गावात मी तो जपून मागवतो. बांगडा, सुरमई, टूना अशा माशांत थंडावा तुटला की हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि तळून किंवा उकळून ते जात नाही. पहिल्या घासालाच जिभेला मिरीसारखी चुणचुण झाली, तर मसाला तिखट आहे असं समजून पुढे खाऊ नका. ताट बाजूला सारून सांगा. पुढे चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं असं होऊ शकतं. ओल्या बोंबलाचंही तसंच: त्याच्या मांसात पाणी फार, तो लवकर उतरतो. किनाऱ्यावर गेलात की खा. इथे सुक्या बोंबलाची चटणी मिळाली तर ती घ्या.

"फिश टिक्का", "फिश फिंगर", "फिश चिली" असं नुसतं फिश लिहिलेलं असेल तर तो बहुतेक बासा असतो. तो गोड्या पाण्यातला, बिनकाट्याचा, बेचव नसला तरी स्वतःची चव फार नसलेला मासा. लहान मुलांसाठी छान. फक्त समुद्राच्या माशाचे पैसे त्याला देऊ नका.

चौघांसाठी मी अशी ऑर्डर देतो: सुरमईच्या दोन थाळ्या, एक कोळंबीचं सुक्कं, एक तवा फ्राय आणि जास्तीच्या भाकऱ्या. थाळी दोघांत चालते का, हे आधी विचारून घ्यावं, काही ठिकाणी चालत नाही. स्टार्टरच्या तीन-चार प्लेटा आधी मागवल्या की पोट आणि पाकीट दोन्ही तिथेच भरतात, म्हणून एकावर थांबा. रवा फ्राय हवा की तवा फ्राय, तेही सांगा. मासा खरोखर ताजा असेल तर नुसतं मीठ, हळद, कोकमाचं आगळ आणि तवा पुरतो. रस्सा निवडताना मालवणी तिखलं, गोव्याचं हुमण आणि मंगळुरी गस्सी यांत फरक असतो: गस्सीत ब्याडगी मिरचीचा रंग आणि नारळाचा दाटपणा, हुमण आंबटसर. आपल्याला काळ्या मसाल्याच्या मटणाची सवय, त्यामुळे "तिखट करा" असं तोंडात येतं. एकदा न सांगता खाऊन बघा. भाकरी मात्र मी ज्वारीचीच मागतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा गोडवा माशाच्या रस्स्याला तांदळाच्या भाकरीपेक्षा जास्त साथ देतो, असं माझं ठाम मत आहे. सोलकढी शेवटी.

आणि समुद्राचं काहीच मनासारखं नसेल तर? मग उजनी. भीमेवरचं हे धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथला रोहू, कटला, मरळ, चिलापी काही तासांत शहरात पोचतो. चांगल्या हॉटेलच्या मेनूवर तो नसतो असं नाही, बऱ्याचदा आपणच विचारत नाही. मरळीला काटे कमी, मांस घट्ट, तंदूरमध्ये तुटत नाही. कटल्याला बारीक दुभंगलेले काटे असतात, पोरांना देताना पाठीचा भाग देऊ नका, पोटाकडचा द्या. थकलेल्या पापलेटापेक्षा सकाळी निघालेली मरळ कधीही श्रीमंत जेवण आहे, आणि पैसेही कमी लागतात.

खाताना काटे-चमच्याचा धाक बाळगू नका. मासा हातानेच नीट खाता येतो, काटा बोटालाच कळतो. पाठीच्या कण्याच्या रेषेवर बोट दाबून वरचं मांस सुटं करा, कणा शेपटीकडून अख्खा उचला, मग खालचा भाग. तिसऱ्यांमधला जो शिंपला शिजूनही मिटलेला राहिला, तो जबरदस्तीने उघडू नका. बरोबर कुणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर ऑर्डरच्या आधीच सांगा आणि त्यांचा मासा वेगळ्या तेलात तळायला सांगा, कारण कढई सहसा एकच असते.

बिल आलं की ते वाचा. साध्या हॉटेलला ५ टक्के जीएसटी असतो, म्हणजे दोन हजारांवर शंभर. अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२पासून बंधनकारक आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वेटरने मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे द्या, ते त्याचेच राहतात.

उरलेलं पार्सल घ्यायचं असेल तर सोलापूरचं ऊन लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत मासा तासभरसुद्धा ठेवू नका, आणि पार्सल घेऊन नव्या पेठेत खरेदीला तर मुळीच जाऊ नका. थेट घर गाठा, फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्सा खळखळून उकळा आणि त्यात कडक भाकरी कुस्करा.