स्नोबोर्डला घरी मेण कसं लावायचं: कडांची धार, इस्त्रीचं तापमान आणि पावसाळ्यातली साठवण

बोर्ड उलटा करून उजेडात तिरका धरा. तळाचा काळा रंग एकसारखा, तुकतुकीत दिसला तर अजून काही दिवस निघतील. पण पायांखालच्या भागात, विशेषतः पोलादी कडांलगत, पांढुरके आणि किंचित केसाळ पट्टे दिसू लागले, तर तळ कोरडा पडलाय. असाच वापरत राहिलात तर वेग जातो, सपाट जागी बोर्ड अडतो आणि मुख्य म्हणजे तळाचं प्लास्टिक बर्फाच्या घासणीने झिजतं. साधारण तीन-चार दिवसांच्या वापरानंतर मेण लावायची वेळ येते. कृत्रिम बर्फ जास्त खरखरीत असतो, त्यावर ती आणखी लवकर येते.

तळ पॉलिएथिलीनचा असतो आणि तो दोन प्रकारे बनतो. एक्स्ट्रूडेड (प्लास्टिक वितळवून साच्यातून काढलेला) तळ स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण मेण कमी शोषतो. सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून-तापवून बनवलेल्या) तळात सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यात मेण मुरलं की तो वेगवान होतो आणि मेणाविना पडून राहिला तर एक्स्ट्रूडेडपेक्षाही सुस्त चालतो. बिडाच्या नव्या तव्याला तेल मुरवतात तसंच हे काम आहे: जे आत मुरलं ते उपयोगाचं, वर उरलं ते काढून टाकायचं. मेण लावल्यावर ते जवळजवळ सगळं खरवडून टाकायला सांगतात तेव्हा नवख्यांचा हात थांबतो, पण वर राहिलेल्या जाड थरावर बर्फाचे कण रुततात आणि बोर्ड घसरण्याऐवजी चिकटतो.

साहित्य

बोर्डची इस्त्री आणि कपड्यांची इस्त्री यांत फरक तळपट्टीच्या जाडीचा आहे. बोर्डच्या इस्त्रीची पट्टी जाड असते, त्यामुळे तापमान स्थिर राहतं. कपड्यांच्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना तापमान बरंच वरखाली होतं आणि वाफेच्या भोकांत मेण अडकतं. जुनी, बिनवाफेची इस्त्री असेल तर काम भागतं, मात्र ती पुन्हा कपड्यांना वापरू नका. अमेरिकेतून इस्त्री आणणार असाल तर तिच्यावरचा व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टची इस्त्री आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावली की जळते, आणि इथली तिकडे नेली तर जेमतेम पाव शक्तीने तापते. प्रवासातले छोटे कन्व्हर्टर इतका भार घेत नाहीत.

बाकी लागतं ते असं: ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा स्क्रेपर (खरवडायची पट्टी), पितळी किंवा ब्राँझचा एक ब्रश, नायलॉनचा एक ब्रश, तीन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, बारीक कानस आणि तिचा कोन धरून ठेवणारा गाइड, ४०० ग्रिटच्या आसपासचा डायमंड स्टोन, आणि रबरी गमी स्टोन. बोर्ड घट्ट धरणारा व्हाइस (शिकंजा) नसेल तर एकाच उंचीची दोन स्टुलं घ्या आणि वर जुन्या योगा मॅटचे तुकडे टाका. खाली प्लास्टिक अंथरा. मेणाचा चुरा लादीवर पडला की लादी भयंकर निसरडी होते. तो चुरा केरात टाका, मोरीत धुऊन सोडू नका.

आधी बाइंडिंग काढा

बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डला बांधून ठेवणारी पट्ट्यांची जोडणी. ती काढण्यापूर्वी तिच्यातल्या, पायाचा कोन ठरवणाऱ्या तबकड्यांचा फोनवर फोटो घ्या, म्हणजे पुन्हा बसवताना अंदाज बांधावा लागत नाही. निदान स्क्रू दोन-तीन आटे सैल तरी कराच. घट्ट आवळलेल्या स्क्रूंसकट बोर्ड तापवला की इन्सर्टच्या (बोर्डमधल्या, स्क्रू बसतात त्या धातूच्या आट्यांच्या) जागी तळावर बारीक खळगे पडतात. निघालेले स्क्रू एका वाटीत ठेवा आणि तेच परत लावा. बहुतेक बोर्डांना एम-६ स्क्रू लागतात, पण लांबी महत्त्वाची: जास्त लांबीचा स्क्रू आतून तळाला फुगवटा आणतो.

खाचा आणि कडा: मेणाच्या आधी

हा क्रम उलटा झाला तर कानशीचा लोखंडी कीस ताज्या मेणात रुतून बसतो.

तळावर नखाएवढ्या खोल खाचा असतील तर पी-टेक्सच्या, म्हणजे तळासारख्याच प्लास्टिकच्या, कांडीने भरता येतात. खाचेभोवतीचे लोंबणारे धागे धारदार ब्लेडने कापा आणि जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करा, कारण मेणावर पी-टेक्स धरत नाही. कांडी पेटवून आधी धातूच्या पट्टीवर जळू द्या. ज्योत लहान, निळसर झाली की कांडी तळाच्या अगदी जवळ, एक-दोन सेंटिमीटरवर आणून थेंब सोडा. कांडी उंच धरली तर काजळी थेंबात मिसळते, आणि असा काळपट ठिपक्यांचा भराव काही दिवसांत उखडतो. खाच किंचित वरपर्यंत भरा, अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग धातूच्या धारदार स्क्रेपरने समतल करा. जळता थेंब कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे हातमोजे घाला. आतलं लाकूड दिसत असेल किंवा खाच पोलादी कडेला लागून असेल तर कांडीचा उपयोग नाही. तिथे तळाचा तुकडा बसवावा लागतो, आणि ते काम वर्कशॉपचं. तोपर्यंत ओलं बोर्ड वापरू नका, लाकडात पाणी गेलं की थर सुटू लागतात.

कडांना दोन कोन असतात: एक तळाच्या बाजूचा, दुसरा बाहेरच्या बाजूचा. तळाच्या बाजूचा कोन बहुधा १ अंश असतो आणि तो घरी छेडू नये. तिथे घासलेलं पोलाद परत येत नाही. दुरुस्त करायचं तर पूर्ण तळच मशिनवर घासावा लागतो. बाहेरची बाजू साधारण ८८ किंवा ८९ अंशांवर ठेवतात. आपल्या बोर्डचा कोन माहीत नसेल तर कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढा, गाइड ८९ वर लावून कानस एकदा हलकेच फिरवा. शाई पूर्ण रुंदीवर निघाली तर कोन बरोबर. फक्त तळालगत किंवा फक्त वरच्या बाजूला निघाली तर गाइड बदलून पाहा.

कानस एकाच दिशेने, २०-३० सेंटिमीटरच्या एकमेकांवर चढणाऱ्या टप्प्यांत ओढा. जोर हलका ठेवा आणि दर काही ओढींनंतर कीस झटका. एखाद्या जागी कानस किंचाळत घसरली तर थांबा. तिथे दगड लागून पोलाद कडक झालेलं असतं. जोर लावलात तर कडेऐवजी कानशीचे दात बोथट होतील. अशा जागी आधी डायमंड स्टोन ओला करून फिरवा, कडक कवच गेलं की कानस पुन्हा चालू लागते. शेवटी पूर्ण कडेवर डायमंड स्टोन चार-सहा वेळा फिरवून कानशीने आलेली बर (धातूची बारीक खरखरीत किनार) काढा. नख कडेवर आडवं ओढल्यावर त्याचा पांढरा भुगा निघाला, तर धार पुरेशी आहे.

आता हीच धार नोज आणि टेलपाशी, म्हणजे बोर्डच्या पुढच्या आणि मागच्या टोकांशी, मोडायची. बोर्ड जिथे वर वळू लागतो, त्या बिंदूच्या पुढचा सगळा भाग आणि दोन-तीन सेंटिमीटर आतपर्यंत गमी स्टोन घासा. हे राहून गेलं तर वळणाच्या सुरुवातीलाच कड बर्फात अचानक रुतते आणि चालवणारा तोंडावर आपटतो.

कोणतं मेण?

मेणाच्या वडीचा रंग बर्फाच्या तापमानाप्रमाणे असतो: पिवळं-लाल उबदार, ओल्या बर्फासाठी, जांभळं मधल्या हवामानासाठी, निळं-हिरवं कडाक्याच्या थंडीसाठी. नेमके अंश प्रत्येक कंपनीचे वेगळे, ते वेष्टनावर छापलेले असतात. कारण सरळ आहे. थंड, कोरड्या बर्फाचे स्फटिक टोकदार असतात आणि मऊ मेणात रुततात, म्हणून तिथे कडक मेण. ओल्या बर्फात टोकं विरघळलेली असतात. तिथला अडथळा तळाखालच्या पाण्याच्या थराचा, आणि तिथे पाणी झटकणारं मऊ मेण चालतं.

गुलमर्गला जाणाऱ्यांची इथे थोडी पंचाईत होते. गाव सुमारे २,६५० मीटरवर आणि गोंडोलाचं (रोपवेचं) अफरवट डोंगरावरचं टोक ३,९०० मीटरच्याही वर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर वरखाली आठेक अंशांचा फरक पडतो, म्हणजे दोन वेगळ्या वड्यांचा. अशा वेळी थंड बाजूला झुकतं माप द्या: कडक मेण ओल्या बर्फावर थोडं हळू चालतं, पण मऊ मेण कडाक्याच्या थंडीत अक्षरशः ब्रेक लावतं. फक्त शिकायला, खालच्या उतारांवरच जाणार असाल तर सर्व तापमानांचं मेण म्हणून मिळणारी एक वडी पुरे. जुन्या साठ्यातलं फ्लोरो (फ्लोरिनयुक्त) मेण कोणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यातली रसायनं निसर्गात टिकून राहतात, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर पूर्ण बंदी घातली आहे.

इस्त्री

घरात केलेलं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. पॉलिएथिलीन १३५ अंशांच्या आसपास वितळू लागतं, आणि कडक मेणांना १४० अंशांपर्यंत इस्त्री लागते. तरीही तळ वाचतो, कारण मध्ये वितळलेल्या मेणाचा थर असतो आणि इस्त्री सतत चालती असते. यातली एक गोष्ट चुकली, म्हणजे कोरड्या तळावर इस्त्री टेकवली किंवा एका जागी थांबवली, की पोकळ्या वितळून बंद होतात. तो भाग पुढे मेण धरत नाही.

मऊ मेणाला साधारण १२०, मधल्याला १३० अंश लागतात, पण वेष्टनावरचा आकडा अंतिम. अंश नसलेल्या इस्त्रीवर सर्वात कमी उष्णतेपासून सुरुवात करा आणि मेण सहज वितळेल इतकीच वाढवा. धूर निघाला तर तापमान जास्त आहे. वडी काढून घ्या, इस्त्री निवू द्या. खिडकी उघडी हवी, पण पंखा बंद.

पहिला हात सफाईचा. पिवळं मऊ मेण लावून, फिरवून, ते कोमट आणि मऊ असतानाच खरवडा. त्यासोबत तळातली करडी-काळी घाण वर येते. खरवड स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा करा. संत्र्याच्या अर्काचे क्लीनर मिळतात, पण ते आत मुरलेलं मेणही ओढून काढतात, त्यामुळे ते चिकट डागांपुरतेच ठेवा.

मग खरं मेण. इस्त्रीचं टोक खाली करून वडी तिच्या पट्टीला टेकवा आणि नोजपासून टेलपर्यंत दोन्ही कडांलगत आणि मध्यभागी थेंबांच्या रांगा सोडा. एका बोर्डाला १५ ते २० ग्रॅम पुरतं. इस्त्री टेकवून नोजकडून टेलकडे संथ, न थांबता फिरवा. तिच्या मागे साधारण १० सेंटिमीटर मेण ओलं राहिलं पाहिजे. ओला पट्टा दोन हात लांब झाला तर तळ फार तापलाय. इस्त्रीच्या मागोमाग थिजत असेल तर वेग कमी करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर बोर्डच्या वरच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं की थांबा. चटका बसत असेल तर आतल्या इपॉक्सीला, म्हणजे थर जोडणाऱ्या गोंदाला, धोका आहे.

आता बोर्ड खोलीच्या तापमानाला निवू द्या, किमान एक तास. सिंटर्ड तळाला रात्रभर मिळालं तर उत्तम. घाईने बाहेर थंडीत नेऊ नका.

खरवडणं आणि ब्रश

आधी कडांवरचं मेण स्क्रेपरच्या कोपऱ्यातल्या खाचेने काढा. मग स्क्रेपर ४५ अंशांत धरून, नोजकडून टेलकडे, लांब ओढींनी सगळा तळ खरवडा. मेणाच्या कुरळ्या निघायच्या बंद होईपर्यंत चालू ठेवा. नुसती पावडर निघत असेल आणि काम पुढे सरकत नसेल तर स्क्रेपर बोथट झालाय: सपाट जागी ठेवलेल्या सँडपेपरवर उभा धरून घासा. धातूचा स्क्रेपर इथे नको.

ब्रश बरेच जण टाळतात, आणि तिथेच अर्धी मेहनत वाया जाते. तळावर कारखान्यात बारीक रेषा कोरलेल्या असतात. वितळलेल्या पाण्याला त्यांतून वाट मिळते. स्क्रेपर या रेषांत पोचत नाही. ब्राँझचा ब्रश नोज ते टेल दहा-बारा वेळा, मग नायलॉनचा तितकाच. रेषा पुन्हा दिसू लागल्या आणि तळाला चमक आली की झालं. ओल्या बर्फासाठी ब्राँझ थोडा जास्त चालवा, कारण तिथे तळ पाण्याला चिकटून ओढला जातो.

हाताने चोळायचं पेस्ट मेण डोंगरावर अर्धा दिवस तारून नेतं. इस्त्रीला तो पर्याय नव्हे.

रोजचं आणि हंगामानंतरचं

दिवस संपला की बोर्ड, विशेषतः कडा, फडक्याने पुसा. ओलं बोर्ड बॅगेत रात्रभर राहिलं तर सकाळी कडांवर तांबूस गंज दिसतो. तो कोवळा असताना गमी स्टोनने निघतो. बोर्ड हीटरला टेकवून वाळवू नका.

हंगाम संपल्यावर तळ साफ करून मऊ मेणाचा जाड थर लावा, कडांवरूनही घ्या, आणि तो खरवडू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात या थराइतकं कडांना दुसरं काही जपत नाही. बाइंडिंग काढून ठेवा. बॅग बंद करण्यापूर्वी आतली ओल पूर्ण गेलीय ना बघा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बॅग उघडून हवा लागू द्या. जागा माळ्यावरची पत्र्याखालची नको. उन्हाळ्यात तिथलं तापमान चढतं. पलंगाखाली, आडवं आणि वर ओझं न ठेवता.

नव्या हंगामात तो थर खरवडा, ब्रश फिरवा, हवामानाप्रमाणे मेण लावा आणि बाइंडिंग हातानेच आवळा; ड्रिलने इन्सर्टचे आटे जातात. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव बाइंडिंगच्या प्लास्टिकच्या बेसप्लेटला (तळपट्टीला) लागला तर ती तडकू शकते, तेव्हा तो टाळलेला बरा. त्याऐवजी पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर खाली थांबून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.