लेकराच्या रंगपेटीनं रणगाड्याला चिखल लावला

टी-५५ रणगाड्याच्या मॉडेलचं १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) किट जोडलं, हिरवा रंग मारला, पण गाडी दिसायली कशी तर शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी. वेदरिंगचे वॉश, म्हणजे गाडी जुनी-मळकी दिसावी म्हणून मारायचे पातळ रंग, परभणीत मला कुठं भेटले नाहीत, मग पोरीची वड्यांची वॉटरकलर पेटी उचलली.

पहिल्यांदा फजितीच झाली. अळूच्या पानावर पाणी थांबत नाही तसा रंग थेंब थेंब होऊन घरंगळला, कारण खालचा रंग ग्लॉसी. मग आधी मॅट वार्निश मारून एक दिवस वाळू दिलं आणि रंगाच्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब टाकला (जास्त टाकला की फेस होतो बघा), तेव्हा कुठं तपकिरी पाणी चरीत आणि बोल्टभोवती जाऊन बसलं. वाळल्यावर ओल्या इअरबडनं वरून खाली पुसलं तर पावसाचे ओघळ आल्यासारखे दिसले, लईच भारी. आणि बिघडलं तर ओलं फडकं फिरवायचं, सगळं साफ, इनॅमलसारखी थिनरची भानगड नाही.

ट्रॅकला, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्याला, तपकिरी-काळा घट्ट कालवून थापला, आपल्या काळ्या रानातून आल्यागत. वाळल्यावर तो फिका पडतो, म्हणून जरा गडदच घ्या.

शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे, लांबून आणि हलका. पाण्यावालं वार्निश ब्रशनं मारलं तर सगळी मेहनत ब्रशला लागून येती, माझी एक बाजू तशीच गेली.

पोरगी आता विचारायली, बाबा तपकिरी वडी कुठंय?